‘सर्व्हर डाऊन’ म्हणणारा निरोप्या

मी एक जुना निरोप्या आहे, मित्रांनो. मला हातपाय नाहीत. मी संगणकातल्या काही ओळींचा प्रोग्राम आहे. कुंभार पिंपळगावात नसरीनचे संगणक केंद्र आहे. तिनेच मला लिहिले. मोसंबीच्या गाडीचा नंबर सर्व्हरला, म्हणजे बाजाराच्या मोठ्या संगणकाला, कळवायचा आणि प्रवेशाचे टोकन आणायचे, एवढेच माझे काम.

सर्व्हर आकड्यात उत्तर देतो. दोनशेच्या घरातला आकडा म्हणजे काम झाले. चारशेच्या घरातला म्हणजे निरोपातच चूक आहे. पाचशेच्या घरातला म्हणजे बिघाड सर्व्हरकडे आहे. पण नसरीनने घाईत मला एकच वाक्य शिकवले होते: काम झाले नाही तर ‘सर्व्हर डाऊन आहे, थोडे थांबा’ म्हण. एरवी टोकन झटपट मिळे, म्हणून लोक माझी वाहवा करत; माझ्या ओळी मात्र पुन्हा कुणी उघडून पाहिल्या नाहीत.

एका दुपारी कडूबा आणि त्यांची पत्नी बेबीनंदा आले. बाहेर त्यांचा भरलेला टेम्पो उन्हात उभा. संध्याकाळी बाजाराचे फाटक बंद होणार. माल तसाच राहिला तर मोसंबी सडणार. बेबीनंदाने नंबर टाकला. मी धावलो. उत्तर आले, चारशे. मी म्हणालो, ‘सर्व्हर डाऊन आहे, थोडे थांबा.’

ते थांबले. पुन्हा पाठवले, पुन्हा चारशे. मी तळमळलो. थांबून काहीच होणार नव्हते, पण मला दुसरे वाक्यच येत नव्हते.

“नसरीनताई, तुमच्या सर्व्हरला आजच झोप लागली का हो?” कडूबा म्हणाले. “माल तापून राह्यला!”

“मंग टेम्पोतच ज्यूसचा गाडा लावा,” बेबीनंदाने टोमणा मारला.

नसरीनने शेजारच्या गावी केंद्र चालवणाऱ्या शहाजादीला फोन लावला. तिकडे टोकन धडाधड निघत होते! नसरीनने घाईने माझ्या ओळी उघडल्या आणि सर्व्हरचे खरे उत्तर वाचले.

“या अल्ला, चारशे! म्हणजे चूक आपलीच.”

“माझी न्हाई. टेम्पोच्या पाटीवर हाय तसाच नंबर टाकला, बिलकुल बराबर,” बेबीनंदा म्हणाली.

तिथेच तर गोम होती. पाटीवर नंबर मराठीत रंगवलेला होता आणि तिने आकडेही मराठीच टाकले होते. सर्व्हरला इंग्रजी आकडेच कळत.

नसरीनने मला लगेच वेगवेगळी वाक्ये शिकवली आणि नंबर इंग्रजी आकड्यांत टाकला. मी धावलो. आता उत्तर आले पाचशे तीन! गर्दीने सर्व्हर खरोखरच दमला होता.

“पुन्हा चुकलं वाटतं,” म्हणत कडूबा नंबर खोडायला पुढे झाले. पण या वेळी मी म्हणू शकलो, ‘तुमचे काही चुकलेले नाही. अडचण तिकडची आहे. थोड्या वेळाने हेच पुन्हा पाठवा.’

त्यांनी हात मागे घेतला. जरा वेळाने तोच निरोप गेला, दोनशे आले, टोकन निघाले. टेम्पो धुरळा उडवत सुटला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखे निरोपे लिहील. माणसाचे चुकले असेल, तर काय चुकले ते त्याला सांगायला आम्हाला शिकवा. चुकले नसेल, तर तेही सांगायला शिकवा. नुसते ‘थांबा’ म्हणून कुणाला उन्हात उभे ठेवू नका.