बबडीच्या गाडीला न बसणारा पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. मोटारीच्या चाकाचे नट खोलायचा, काटकोनात वाकलेला, चांगला हातभर लांब. अंगावर गंजाचे डाग पडलेत, पण तोंड अजून शाबूत आहे. त्यामुळे मी जरा जास्तच बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. लालबुंद तापवलं, घणाखाली ठोकलं, पाण्यात बुडवलं. काय काय सोसलं म्हणून सांगू! शेवटी एका तेलकट हातांच्या कामगाराने माझ्या तोंडात एक नट घालून फिरवून पाहिला. "बसतो," एवढंच तो म्हणाला आणि मला पेटीत टाकलं. माझ्याबद्दल कुणी बोललेला तो पहिला शब्द. तेव्हा मला त्याची किंमत कळली नाही.

तिथून मी बबडीच्या बाबांच्या मोठ्या गाडीत आलो. बाबा भाड्याची गाडी चालवायचे. तीस वर्षं आम्ही दोघांनी रस्ते तुडवले. हवा जाऊन चाक बसलं की बाबा मला बाहेर काढायचे, नटावर ठेवून पायाने असा एक दाब द्यायचे की नट कुरकुरत का होईना, सुटायचाच. "हा पाना नाही, माझा उजवा हात आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. माझी छाती फुगायची. खरं सांगतो, मी चढून गेलो होतो.

मग बाबांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. गाडी विकली गेली, पण घेणाऱ्याला बाबा म्हणाले, "गाडी खुशाल न्या. पाना मिळणार नाही." त्यानंतर जिन्याखालच्या कपाटात, रंगाच्या सुकलेल्या डब्यांच्या मागे मी चार वर्षं पडून होतो. बाहेर बाबाही तसेच बसून असायचे. कुणी काही काम सांगेल म्हणून दिवसभर दाराकडे कान लावून.

अशातच बाबांच्या लेकीला, बबडीला, शाळेतल्या नोकरीचं पत्र आलं. दोन वर्षं ती या पत्राची वाट पाहत होती. पत्र शनिवारी हातात पडलं आणि सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं होतं. पाच वाजून गेले की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. शाळा दूरच्या गावात, गाडीने आठ तासांवर. बबडीने महिन्यापूर्वीच एक छोटी, कुणीतरी वापरलेली गाडी घेतली होती. ती म्हणाली, "गाडीनेच जाते. बाबा, तुम्ही येता सोबत?"

बाबा ताडकन उठले. "येतो म्हणजे काय! वाटेत लागणारं सामान मी भरणार. त्यात कुणी हात घालायचा नाही."

रविवारी त्यांनी अंगणात जुनी चादर पसरली आणि एकेक वस्तू मांडली. धोक्याचा लाल त्रिकोण. नवे सेल घातलेला टॉर्च. जाड दोर. बॅटरी जोडायच्या तारा. पट्ट्या आणि मलम असलेला डबा, पाण्याचा कॅन, हातमोजे. टॉर्च तीनदा लावून पाहिला. दोर झाडाला बांधून ओढला. त्रिकोण उभा राहतो का तेही बघितलं. आणि मग कपाट उघडून मला बाहेर काढलं, रॉकेलने पुसलं. काय सांगू तुम्हाला, मला रडूच यायचं बाकी होतं!

डिकीत गाडीचा स्वतःचा पाना होता. बारका, घडीचा, जेमतेम वीतभर. बाबांनी तो दोन बोटांनी उचलला. "हा काय पाना म्हणायचा? याने चहा ढवळा!" त्यांनी तो घराच्या खिडकीत ठेवून दिला आणि त्याच्या जागी मला ठेवलं. मीही त्या बिचाऱ्याकडे पाहून नाक मुरडलं.

बबडी हे बघत होती. तिने विचारायला तोंड उघडलं, "बाबा, पण हा या गाडीला..." तेवढ्यात दारातून आईने डोळे मोठे केले. स्वयंपाकघरात नेऊन ती हळूच म्हणाली, "राहू दे गं. किती दिवसांनी हसतायत ते." बबडीने शब्द गिळला. सगळं सामान तपासलं गेलं, एक मी सोडून.

सोमवारी सकाळी सातला आम्ही निघालो. साडेअकराच्या सुमाराला, एका उजाड पठारावर, मागचं चाक बसलं. "घाबरू नको, पंधरा मिनिटांचं काम आहे," म्हणत बाबांनी सत्तर पावलं मागे जाऊन त्रिकोण उभा केला. मग ऐटीत मला नटावर ठेवलं आणि पायाने दाब दिला.

मी नुसता फिरलो.

बाबांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा फिरलो. माझं तोंड मोठं, या गाडीचे नट लहान. बाबांनी मध्ये फडकं भरलं, ते निसटलं. पत्र्याचा तुकडा अडकवला, तर नटाच्या कडा खरवडायला लागल्या. "बाबा, थांबा," बबडी म्हणाली. "कडा झिजल्या तर मग कुणाच्याच पान्याने निघणार नाही." बाबांनी मला खाली ठेवलं. ज्या माणसाने मला तीस वर्षं मिरवलं, त्याच्या लेकीची नोकरी माझ्यामुळे हातची जाते आहे, असं वाटून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बबडीने पुढच्या गावातल्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, तीन तास लागतील. गाड्या सुसाट निघून जात होत्या. एक थांबली, पण आपल्या गाडीत पाना कुठे असतो हेच तिच्या मालकाला ठाऊक नव्हतं. साडेबारा झाले, एक वाजला. बबडी घड्याळ बघायची आणि बाबांना दिसू नये म्हणून तोंड फिरवायची.

शेवटी लांबून त्रिकोण पाहून एका फर्निचरच्या टेम्पोने वेग कमी केला. टेम्पोवाल्याकडे फुलीसारखा, चार तोंडांचा पाना होता. तिसरं तोंड नटावर चपखल बसलं. दहा मिनिटांत चाक बदललं. मी मातीत पडून दुसऱ्याला माझं काम करताना बघत होतो, पण देवाशपथ, मला हेवा वाटला नाही. "त्रिकोण दिसला म्हणून थांबलो हं, काका," असं टेम्पोवाला जाताना म्हणाला.

गाडी सुरू झाली. मग बाबा म्हणाले, "तुला काल शंका आली होती ना? विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलं असतं ना. चांगलं पाच मिनिटं वाटलं असतं," बाबा म्हणाले. "इथे दोन तास गेले, बबडे. मला इतकं जपू नकोस."

पाचला सतरा मिनिटं कमी असताना बबडी शाळेच्या पायऱ्या धावत चढली. सही करून आली तेव्हा बाबा गाडीला टेकून उभे होते. तिला हसताना पाहून त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले.

मित्रांनो, मी तुमच्याकडे काय मागू? प्रवासाचं सामान भरताना आम्हाला नुसतं चकचकीत पुसू नका. एकदा चाकाला लावून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चूक दिसली, तर डोळे मोठे करून गप्प बसू नका. नीट, गोड शब्दांत विचारा. आम्ही जुने आहोत, पण तेवढं सोसतो.

मी आता दाराजवळच्या खिळ्यावर असतो. बबडी सुट्टीत आली आणि परत निघाली की बाबा आधी अंगणात तिच्याकडून त्या वीतभर पान्याने एक चाक खोलून घेतात, पुन्हा लावून घेतात. त्याआधी मात्र मला खिळ्यावरून काढतात, नटावर ठेवतात आणि फिरवतात. मी नुसता फिरतो.

"नाही बसत," बाबा म्हणतात. बबडी हसते, बाबा हसतात आणि मला पुसून पुन्हा खिळ्यावर टांगतात.