दक्षिणेच्या वाऱ्याची जागा

उत्तर कलकत्त्यात घर बघायचं तर आधी निरापद समाद्दारला गाठायचं, हे पस्तीस वर्षं ठरलेलं. माणूस दलाल खरा, पण गोड बोलून जागा गळ्यात मारणारा नव्हे. उलट गिऱ्हाइकालाच झापायचा. "भिंती काय ठोकून बघताय? दिवसभर या घरात बसणार कोण? आई? मग आईला आणा आधी! आणि कोपऱ्यावर चहा घेऊन तासभर बसा. 'कुणाकडे आलात हो?' असं कुणी विचारलंच नाही, तर तिथे राहू नका. मेलात तरी कुणाला कळायचं नाही."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःच्या बायकोला मात्र या शहाण्याने एका शब्दाने विचारलं नाही.

सरोजबालाने अठ्ठेचाळीस वर्षं गल्लीतल्या तळमजल्याच्या खोलीत काढली. खोलीचं तोंड उत्तरेला, भिंतींना कायमची ओल. गुडघे गेल्यापासून ती दिवसभर खिडकीशी बसायची. मासेवाली मालती टोपली टेकवून तिच्याशी रोज कडाकडा भांडायची आणि जाताना पानाचा विडा देऊन जायची. निरापदला मात्र एकच खंत होती. जगाला हवेशीर घरं दिली, हिला कोंदट खोलीत कुजवली.

कलकत्त्याच्या माणसाला दक्षिणेचा वारा मिळाला की बाकी सगळं माफ असतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर तशी जागा निघाली आणि म्हाताऱ्याने होतं नव्हतं ते तिच्यात घातलं. सरोजला खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं.

सहा महिन्यांत बाई वाळून गेली. वारा भरपूर, पण शेजारच्या दाराला दिवसभर कुलूप. तिचं जेवण तुटलं. मग ती भिंतीकडे बघून मालतीशी भांडायला लागली.

"अहो, मला घरी न्या," ती एका सकाळी म्हणाली.

"हेच आपलं घर ना गं?"

"थट्टा नका करू. एवढ्या वर्षांत कधी काही मागितलं का मी?"

नव्हतं मागितलं. त्याला रडू आलं. "आजच बोलून येतो," तो म्हणाला.

गल्लीत दुसरी खोली रिकामी नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? जुन्या खोलीत त्यानेच मिनती पालित नावाच्या एकट्या विधवेला आणून ठेवलं होतं. तिने चहा केला. तो अडखळत म्हणाला, "मिनती, माझी दक्षिणेची जागा घे. भाडंही नको. फक्त ही खोली आम्हाला परत दे."

बाईने कप खाली ठेवला. "निरापददा, तुम्हीच ना म्हणालात, ही गल्ली मरेपर्यंत सोडू नकोस? इथे एक वेळ उपाशी राहशील, पण एकटी राहणार नाहीस? मागच्या महिन्यात तापाने फणफणले, तर मालतीने दार ढकलून मला पेज भरवली. मला उठवू नका हो. पाया पडते."

घरमालक निरापदचा दोस्त होता. नुसती मान हलवली असती तर बाई आठ दिवसांत रस्त्यावर आली असती. भाडेकरू उठवायच्या सगळ्या खुब्या त्याला पाठ होत्या.

"रडू नकोस. राहा तू," एवढंच म्हणून तो उठला.

तीन जिने चढून वर आला तर सरोज धुतलेली साडी नेसून दाराशी बसलेली. भांगात ताजा सिंदूर, मांडीवर कपड्यांचं गाठोडं.

"झालं बोलणं? मालतीला सांगितलंत ना, मी येतेय म्हणून?"

ही जागा तुमच्या नशिबी नाही, असं निरापदने आजवर शेकडो लोकांना तोंडावर सांगितलं होतं. आज जीभ उचलेना.

"सांगितलं," तो म्हणाला. "उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशीही तो उद्या म्हणाला, तिसऱ्या दिवशीही. मग तिने विचारणंच बंद केलं. गाठोडं घेऊन ती दाराशी बसून असे, आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की पदर नीट करी.