कोठीतल्या गोळ्या

त्या पावसाळ्यात मंजुश्रीच्या घरात निजायला जागा उरली नव्हती. हिवाळ्यात वेचलेला कापूस भाव चढेल म्हणून सासरे शंकररावांनी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवला होता. भाव चढला नाही. पेरण्या झाल्या तरी कापूस तिथंच होता, आणि दमट हवेत त्यात बारीक किडे झाले. खोलीत नुसतं डोकावून आलं तरी अंगाला खाज सुटायची. चिखलीच्या आसपास त्या साली घरोघरी हीच गत होती.

शंकरराव रानडुकरांपासून पीक राखायला शेतात झोपत. मंजुश्री आणि तिचा नवरा प्रसेनजित ओसरीवर अंग टाकत. सासू जनकाबाईंना खोकला होता, ओसरीवरचा गारवा सोसत नव्हता. त्यांची बाज मागच्या खोलीत गव्हाच्या कोठीला लावून टाकली होती.

त्या गव्हाला मंजुश्री फार जपायची. आदल्या पावसाळ्यात सोंड्यांनी गहू पोखरला होता आणि घरानं कडवट पोळ्यांवर दिवस काढले होते. यंदा वाळवणाच्या दिवसांतच अवकाळी पाऊस आला, त्यामुळे गहू ओलसरच कोठीत गेला. एका सकाळी तिनं आत हात घातला, तर मनगटापर्यंत सोंडे चढले. त्याच दिवशी ती औषधाच्या दुकानातून धान्यात टाकायच्या गोळ्या घेऊन आली. दुकानदारानं त्या कागदात बांधून सुट्याच दिल्या. ओला हात लावू नको आणि झाकण घट्ट लाव, एवढंच त्यानं सांगितलं. त्या खोलीत कोणी निजतं का, हे त्यानं विचारलं नाही. तिलाही ते सुचलं नाही. कापसाचं बीटी बियाणं आलं तरी बोंडअळी गेली नव्हती. फवारणीचे डबे घरात खुंटीला असायचेच. औषधाची भीती कधीच मोडून गेली होती.

तिनं गोळ्या फडक्यात बांधून गव्हात खोचल्या. कोठीचं झाकण गंजलेलं होतं, म्हणून वरून पोतं दाबलं. संध्याकाळी सासूला सांगितलं. जनकाबाई म्हणाल्या, बरं केलं, आता गहू टिकेल. रात्री पावसाचा जोर वाढला तेव्हा त्यांनी दार-खिडकी आतून लावून घेतली.

सकाळी त्या चहाला आल्या नाहीत. मंजुश्रीनं दार ढकलत हाका मारल्या तेव्हा सासूनं कडी कशीबशी काढली. आतून लसणासारखा उग्र वास अंगावर आला. जनकाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या, लुगडं उलटीनं भरलेलं, आणि त्या सारखं पाणी मागत होत्या.

प्रसेनजितनं जीप आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी घरात काय होतं ते विचारलं. मंजुश्रीनं गोळ्यांचं लगेच सांगितलं. कोणी टाकल्या ते डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी प्रसेनजितला बाजूला नेलं आणि यावर उतारा नाही म्हणून सांगितलं.

दुपारपर्यंत जनकाबाईंची बहीण रुक्मिणीबाई डोणगावहून आली. सून-सासूचं मागं काही वाजलं होतं, ते तिला ठाऊक होतं. तिनं दवाखान्यात आलेल्या पोलिसांसमोरच संशय बोलून दाखवला. हवालदार जबाब घ्यायला खाटेजवळ बसला. जनकाबाईंचे हातपाय गार पडले होते, पण शुद्ध होती. गोळ्या कोणी टाकल्या, असं त्यानं विचारलं.

त्यांनी सुनेकडं पाहिलं. म्हणाल्या, "म्याच टाकल्या. पोरीले काही मालूम नाही. तिले इचारू नका."

हवालदारानं तसंच लिहून घेतलं आणि मंजुश्रीनं ते लिहू दिलं. प्रसेनजित तिच्याकडं बघत राहिला. गोळ्या कोणी आणल्या, हे त्याला माहीत होतं. दिवस मावळायच्या आत जनकाबाई गेल्या.

पुढचे दिवस मंजुश्रीला कोणी काही बोललं नाही. उलट बाया तिच्याच पाठीवरून हात फिरवायच्या. म्हातारीनं हातानं मरण ओढवून घेतलं म्हणायच्या. ते तिला सोसेना. त्याहून जास्त एक गोष्ट तिला खात होती. शेजारच्या पंजाबरावांच्या घरीही कापसानं खोली भरली होती आणि लेकरं धान्याजवळ झोपत होती.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अंगणात सारी वस्ती जमली. बुद्धवंदना झाली, लोकांनी जनकाबाईंविषयी दोन शब्द सांगितले. मग मंजुश्री उठली. प्रसेनजितनं तिचं मनगट धरून खाली बस म्हटलं. तिनं हात सोडवून घेतला.

"आई माह्यासाठी खोटं बोलल्या," ती म्हणाली. "गोळ्या म्या टाकल्या. त्याचा वास माणसालेबी मारते, हे मले कोणी सांगतलं नोतं. आता म्या सांगून राह्यली. ज्याच्या घरी कोठीत गोळ्या असतील, त्यानं आजपासून तिथं कोणाले निजवू नये."

शंकरराव मान खाली घालून बसले होते. रुक्मिणीबाई उठली, न जेवता डोणगावच्या वाटेला लागली, आणि पुन्हा त्या घरी आली नाही. पोलिसांनी मंजुश्रीला दोनदा बोलावून नेलं. शेवटी अपघात म्हणून नोंद झाली, पण गावात निम्म्या लोकांनी ती मानली नाही. प्रसेनजित कामापुरतं बोलू लागला, तेही दिवाळीनंतर.

त्या दिवशी मात्र जेवणं उरकायच्या आधीच पंजाबरावांची बायको पंगतीतून उठून घरी गेली. तिनं लेकरांच्या गोधड्या काढल्या आणि ओसरीवर आणून टाकल्या. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. मंजुश्रीकडं त्यांनी पाहिलं नाही.