मोहाच्या झाडावरची चिंधी

गुणवंतरावांनी चामोर्शीच्या बाजारातून ती डीव्हीडी आणली नसती तर काय झालं असतं, या प्रश्नात काही राम नाही. त्यांनी नाही तर दुसऱ्या कोणी आणली असती. बाजारात ताडपत्रीवर ढीगच लागला होता म्हणे. झाडीपट्टीतल्याच पोरांनी काढलेला सिनेमा, नाव ‘चिंधीवाला जासूस’. कव्हरावर बंदूक, बाई आणि वाघ. त्यातला वाघ सिनेमात कुठंच नव्हता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘गाजलेल्या कादंबरीवरून’. कादंबरी किती गाजली होती हे ती लिहिणाऱ्या नागभीडच्या मास्तरांनाच ठाऊक.

कोसमटोल्यात किराणा दुकान गुणवंतरावांचं, आणि डीव्हीडीचं मशीन अन् मोठे भोंगेही त्यांचेच. संध्याकाळी समाजमंदिरात सिनेमा लागला आणि सगळं गाव लोटलं. पडद्यावर त्यांच्याच गावासारखं गाव होतं. तशीच कौलं, तशाच धानाच्या बांध्या, आणि माणसं पुण्या-मुंबईचं मराठी न बोलता सरळ ‘मले-तुले’ करत होती. म्हाताऱ्या बायासुद्धा म्हणाल्या, "आपल्यासारकाच बोलते वो हा."

गोष्ट साधी होती. जंगलाकाठच्या गावातला एक गरीब माणूस मोहाच्या झाडाला लाल चिंधी बांधतो. ती दिसली की पोलिसांना कळतं, आतले लोक आले आहेत. आतले लोक म्हणजे कोण, हे या भागात कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. शेवटी चिंधीवाला सापडतो आणि गोळी खाऊन मरतो. तो मेला तेव्हा समाजमंदिरात टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात सिनेमा पुन्हा लागला आणि टाळ्याही पुन्हा पडल्या.

आता यातली मेख अशी, की कोसमटोल्यात मोहाच्या झाडाला चिंधी सगळेच बांधायचे. बांधावरचं झाड ज्याचं त्याचं, पण जंगलातलं झाड चिंधी बांधेल त्याचं. फुलं पडायच्या आधी बुंध्याखालचा पाला जाळायचा, जागा झाडून घ्यायची आणि फांदीला चिंधी बांधायची. म्हणजे हे झाड यंदा धरलेलं आहे. मग त्या झाडाखालचं एक फूलही दुसरा कोणी उचलत नाही. सख्खा भाऊ भावाचं उचलत नाही.

सिनेमा दुसऱ्यांदा लागला आणि चिंध्या उतरायला लागल्या. कोणी कोणाशी त्यावर बोललं नाही. सरपणाला गेलेली बाई येताना आपली चिंधी सोडून कमरेला खोचून आणायची. ढोरं पाहायला गेलेला बाप्या खिशात घालून आणायचा. गाव फार शहाणं असतं. भीती वाटते असं ते कधी म्हणत नाही, नुसतं तसं वागतं. मोह टपटप पडायला लागला तोवर जंगलात एकच चिंधी उरली होती, आणि ती होती लटारूची.

लटारूची पोरगी नंदिनी चामोर्शीला कॉलेजात होती. शनिवारी घरी यायची, सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत जायची. त्या शनिवारी ती आली तेव्हा मायबापाचं याच चिंधीवरून जुंपलेलं होतं.

"साऱ्यायनं काढल्या," मीराबाई म्हणत होती. "आता तुमचीच एक दिसते दुरून. काढून टाका ना जी."

"सिनेमा पाहून झाड सोडू का मी?" लटारू म्हणाला. "माह्या बापानं धरलेलं झाड हाय ते. चिंधी काढली तं उद्या दुसरा झाडू मारते तेथी."

"लोक काही बी बोलते."

"बोलू दे. मी काही केलं असन तं काढीन. काही केलंच नाई तं काऊन काढू?"

सरळ माणसाचं हेच चुकतं. लपवायला काही नसतं म्हणून तो लपत नाही, आणि मग सगळ्यांना तोच दिसतो. मीराबाईनं हात टेकले.

ओट्यावर कोलू बसला होता. कोलू गावचा ढोरकी. रोज सकाळी साऱ्या गावाची ढोरं जंगलात न्यायची आणि दिवस बुडायला परत आणायची, हे त्याचं काम. पोरवयात सिरोंच्याकडून कोणाबरोबर तरी आला आणि इथंच राहून गेला. बायको कमला सोडली तर गावात त्याच्या रक्ताचं कोणी नव्हतं. दुपारी तो लटारूच्याच मोहाखाली शिदोरी सोडायचा आणि त्याच्या फुलांवर राखणही ठेवायचा.

"राहू दे ना वहिनी," तो हसत म्हणाला. "कोनाची चिंधी हाय ते माह्या ढोरायले बी मालूम हाय."

नंदिनीला मात्र हसू आलं नाही. तिनं ती कादंबरी वाचली होती. सिनेमाच्या कव्हरावरचं नाव पाहून तिनं कॉलेजच्या लायब्ररीतून मुद्दाम काढली होती, आणि या वेळी घरीही आणली होती. कादंबरीत चिंधीवाला खबऱ्या नव्हताच. तो अगदी लटारूसारखा होता, अडेल आणि निष्पाप, आणि गाव त्याला फुकट मारतं. ते पान वाचताना ती खोलीवर एकटीच रडली होती. खरा खबऱ्या निघतो तो दिवसभर जंगलात हिंडणारा ढोरकी. सिनेमावाल्यांनी ते उलटं केलं. पडद्यावर लाल चिंधी झकास दिसते. ढोरं घेऊन हिंडणाऱ्या माणसात काय दिसणार?

"माय, पुस्तकात तसं नाई वो," तिनं आईला सांगून पाहिलं. "पुस्तकात तो बिचारा चांगला मानूस राहते."

"पुस्तक कोन वाचते बाई?" मीराबाई म्हणाली. "सिनेमा साऱ्यायनं पाह्यला."

त्याच आठवड्यात वरच्या पहाडीवर गोळीबार झालेला होता. आतले तिघं मेले. गावातून कोणीतरी खबर दिली, अशी बोलवा होती. दिली असेल, नसेलही. पण मेलेल्यांच्या मागं राहिलेल्यांना एक माणूस हवा होता, आणि तो कोसमटोल्यातलाच हवा होता.

रविवारी भर दुपारी ते आले. चिंचेखालच्या चौकात सगळ्यांना बोलावलं. ढोरं तिथंच सोडायला लावून कोलूलाही जंगलातून आणलं. म्होरक्या तसा पोरगेलाच होता, चष्मा लावलेला. आवाज चढवत नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटत होती. सिनेमा-बिनेमा त्यानं पाहिलेला नव्हता.

"खबर या गावातून गेली," तो म्हणाला. "कोणी दिली ते गावानं सांगावं. गावानं नाही सांगितलं तर आम्ही शोधू. मग एकावर थांबणार नाही."

कोणी मान वर करेना. पोरं आयांच्या पदरात शिरली. आणि मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चिंधी तं एकाचीच हाय जी."

बस, तेवढंच. चिंधी म्हणजे पोलिसांना खूण का, असं म्होरक्यानं विचारलं, आणि पुढचं गावानं नुसत्या माना हलवून सांगितलं. लटारूचे हात पाठीमागं बांधले तेव्हा तो ज्याच्या त्याच्या तोंडाकडं पाहत होता. याच्या पोराच्या लग्नात आपण राबलो, त्याचा बैल चिखलातून काढला, असं काही त्याच्या मनात असेल. मीराबाई म्होरक्याच्या पायांवर पडली. त्यानं पाय मागं घेतले.

नंदिनी घराकडं पळत सुटली. कोणी अडवलं नाही. पोरगी तोंड लपवायला गेली असंच सगळ्यांना वाटलं. ती आली ती पुस्तक घेऊन.

"दादा, हे ऐका," ती धापा टाकत म्होरक्याला म्हणाली. "हे लोक सिनेमा पाहून बोलून राह्यले. सिनेमा ह्या पुस्तकावरून काढला हाय, आन सिनेमावाल्यायनं गोष्ट बदलवली."

"सिनेमात तं चिंधीवालाच..." गुणवंतराव पुटपुटले.

"सिनेमातलं खोटं हाय! मूळ गोष्ट हे हाय!"

आणि ती वाचायला लागली. "चिंधी साऱ्या गावाची होती. भीतीनं साऱ्या गावानं ती काढून घेतली, आणि ज्याच्या मनात पाप नव्हतं त्याचीच तेवढी झाडावर राहिली. गावानं तिलाच पुरावा मानलं." गाव ऐकत होतं, आणि आपलंच वाचलं जातंय हे त्याला कळत होतं. पुढच्या रांगेतल्या बायांनी माना खाली घातल्या.

म्होरक्यानं पुस्तक हातात घेतलं, ते पान स्वतः वाचलं. मग गावाकडं पाहिलं. "चिंध्या सगळ्यांच्या होत्या?"

"होत्या जी," एक म्हातारा म्हणाला. मग दुसरा म्हणाला. मग सगळेच म्हणायला लागले.

म्होरक्यानं खूण केली. लटारूचे हात सोडले. मीराबाईनं नवऱ्याला कवटाळलं. चारचौघांत तिनं ते जन्मात केलं नव्हतं. नंदिनीला वाटलं, जिंकलो. शिकल्याचं सोनं झालं.

"बरं," पुस्तकावर बोट ठेवून म्होरक्या म्हणाला, "मग यात खबर कोण देतो?"

तोंडी परीक्षेत सरांनी विचारावं तसं त्यानं विचारलं, आणि हुशार पोरीनं तसंच फटकन उत्तर दिलं.

"ढोरकी."

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं. पण तोवर सगळ्या माना वळल्या होत्या. कोलू ढोरांची काठी घेऊन चिंचेच्या मुळीवर टेकला होता. सगळे आपल्याकडं का पाहतात हे न कळून तो थोडा हसलासुद्धा.

"तो रोज जंगलात जाते," कोणीतरी म्हणालं.

"तिकडचाच हाय तो, आपला नाई," दुसरा म्हणाला. गावाला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं. कोलूला भाऊ नव्हता, चुलता नव्हता, त्याच्यासाठी पुढं येणारं कोणी नव्हतं.

"मी काय केलं जी?" कोलू म्हणाला. "ढोरं घेऊनच तं जातो. लटारूभाऊ, सांग ना याहीले."

"हा तसा नाई जी," लटारू म्हणाला. "हा मानूस..."

"मग खबर तुम्ही दिली?" म्होरक्यानं विचारलं.

लटारू तोंड उघडत होता, पण मीराबाईनं त्याचं तोंड दाबून धरलं, दोन्ही हातांनी, जीव खाऊन.

नंदिनीनं बोलायला हवं होतं. ही मनानं रचलेली गोष्ट आहे, नागभीडच्या एका मास्तरांनी पंख्याखाली बसून लिहिलेली, यातला ढोरकी म्हणजे कोलू नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. पण पुस्तक खोटं म्हटलं तर बापाला सोडवणारं पानही खोटं. सोडलेली दोरी अजून बापाच्या पायाशीच पडली होती. ती दोरीकडं पाहत राहिली आणि गप्प राहिली. कोलूला घेऊन ते नाल्याच्या बाजूनं गेले. कमला काही अंतर मागं पळाली. मग तिला परत पाठवलं.

घरी मीराबाईनं पोरीची दृष्ट काढली. "माह्या सौभाग्याची राखनदारीन हाय वो तू," असं म्हणत ती रडत होती, हसत होती. लटारू भिंतीकडं तोंड करून पडला होता. नंदिनीनं पाण्याचा गडू पुढं केला. त्यानं तो घेतला नाही.

सोमवारी नंदिनी गाडीला गेली नाही. ऊन वर आलं तेव्हा कमला आली. ओट्यावर बसली, पदर सारखा केला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर नंदिनीला बरं वाटलं असतं.

"बाई," कमला म्हणाली, "तुले वाचता येते. त्या पुस्तकात सारं लिवून हाय म्हनते गाव. ढोरक्याचं पुढं काय होते, ते वाचून दाखव ना मले."

नंदिनीला ते पान पाठ होतं. पुस्तकातल्या ढोरक्याला डोळे बांधून नेतात आणि तो कधीच परत येत नाही. तिनं पुस्तक आणलं, तेच पान उघडलं, आणि त्यावर नसलेलं वाचायला लागली. ते त्याला विचारपूस करतात. त्याच्याकडून ओझी वाहून घेतात. मग त्यांना पटतं, हा साधा माणूस आहे. एके सकाळी तो दाढी वाढलेला घरी येतो, आणि बायको त्याला आधी ओळखतच नाही.

कमला डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आखीन एक डाव वाच."

नंदिनीनं पुन्हा वाचलं. ते त्याला विचारपूस करतात, स्वयंपाकाला ठेवून घेतात. मग पाऊस लागतो, तेव्हा त्याला सोडून देतात. तो संध्याकाळी घरी येतो, आणि बायको भाकरी थापत असते.

कमलानं डोळे उघडले. "मंगाशी सकाळी आलता," ती म्हणाली. "दाढी होती त्याची."

नंदिनीच्या हातातून पुस्तक खाली पडलं. "काकू, हे खरं नाई वो," ती रडत म्हणाली. "सारं मनानं लिवलेलं राहते. कोलूकाकाचं यात काईच नाई. पुस्तकातलं काईच खरं नसते."

आत लटारू उठून बसल्याचा आवाज आला. कमलानं ते पडलेलं पुस्तक उचलून ओट्यावर ठेवलं. मग तिनं विचारलं, अगदी हळू, समजून घ्यायला विचारावं तसं.

"मंग हे काल काऊन नाई सांगितलं?"