सतरा नंबरचा नमुना

धाकटीनं सतरा नंबरचा आकडा पाहिला, तो भलताच चढा होता. तिनं चाचणी पुन्हा लावली. निकाल येईपर्यंत या टेबलावरून त्या टेबलावर येरझारा घातल्या. आकडा जागचा हलला नाही.

ती लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. दम्यावरच्या एका अभ्यासासाठी रुग्णांच्या बेडक्याचे नमुने तिच्याकडे यायचे. वर नाव नाही, फक्त नंबर. त्यातलं इंटरल्यूकिन-पाच ती मोजायची. शरीराच्या रक्षक पेशींनी एकमेकींना धाडलेला हा सांगावा. तो अती झाला की इओसिनोफिल पेशींच्या झुंडी श्वासनलिकेत ठाण मांडतात, नळी आतून सुजते. आणि गळ घालून आपल्या सुतार दादाला तिनंच या अभ्यासात ओढलं होतं.

"सतरा नंबर कोण?" तिनं अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"ते तुला सांगता येत नाही. मी लगेच फोन लावते. तू शांत बस."

बसवतंय कुणाला! अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं थेट दादाचा कारखाना गाठला.

दादा रंधा मारत होता, भुसा उडत होता.

"काय गं, अशी अवेळी? घरी सगळे बरे ना?"

"डॉक्टरीणबाईंचा फोन आला?"

"नाही बुवा."

"रोजचा पंप घेतोस?"

दादानं नजर चुकवली. "निळा आहे की खिशात. दोन फवारे मारले की गाडी सुरू!"

"अरे, निळ्यानं नळी तेवढ्यापुरती उघडते, सूज तशीच राहते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. "सतरा नंबरचा पेशंट माझ्यासमोर आहे. ऑक्सिजन लावलाय. वेळेवर आला."

धाकटी फळ्यांवर टेकली. दादा नव्हे! जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. तोही कुणाचा तरी दादाच असेल. तिनं दादाला सतरा नंबरचं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी सुटलो!" दादा हसला.

"तुझा आकडा किती चढलाय, ते मला कुठे ठाऊक आहे?"

हसता हसता त्याला खोकला लागला. तो बराच वेळ थांबेना. धाप ओसरल्यावर दादानं खणातून रोजचा पंप काढला. वेष्टन अजून फोडलेलंही नव्हतं.

"दाखव," तो म्हणाला, "कसा घ्यायचा ते."