खड्ड्याची बाजू

फोरमननं गादीला बुक्की मारली. आधी मध्यभागी, मग कडेला, मग पलीकडे जाऊन आणखी एक. नंतर समाधानानं मान हलवली. जणू गादीनं गुन्हा कबूल केला होता.

आमच्या दुकानात येणारा प्रत्येक पुरुष हेच करतो. गादीवर झोपायचं असतं, तिला मारायचं नसतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. बायका मारत नाहीत. त्या नुसता तळवा टेकवतात, पोराचा ताप बघावा तसा, आणि लगेच नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात. त्याला आवडली की त्यांना आवडली. मला दोघांचाही सारखाच वीट आलेला आहे.

गादी कधी बदलावी, असा एक फलक मालकानं दारातच लावलाय. मधे खोलगट झाली की, उठल्यावर अंग आंबलेलं असलं की, वगैरे. तो वाचून गादी बदलायला आलेलं एकही गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही. माणसं गादी बदलतात ती पाहुणे येणार असले की, घरात सून यायची असली की, नाहीतर जुन्या गादीवर कुणी तरी गेलं की. स्वतःच्या पाठीसाठी कोण बदलतो? पाठ काय, लोकांना दिसत नाही.

"मी बसडेपोत फोरमन होतो," त्यानं न विचारता सांगून टाकलं. "मला वस्तू दाखवायची, किंमत नाही सांगायची. वस्तू काय लायकीची आहे ते माझा हात सांगतो."

"कोणती दाखवू, काका?"

"तसं घ्यायचं काहीच नाही. आमची अजून पाच वर्षं जाईल. पण मुलीनं डोकं खाल्लं. आईची पाठ, आईची पाठ. फोनवरून डॉक्टरकी करते. म्हटलं, चला, दुकानात जाऊन विचारून येऊ. तुमच्याच तोंडून तिला कळू द्या, की गादीला काही झालेलं नाही."

म्हणजे गादीच्या दुकानात गादी लागत नाही, हे लिहून घ्यायला आलेला माणूस. अशी ध्यानं माझ्याच वाट्याला येतात. बाकीचे पोरगे दुपारचे जेवायला गेले की दुकानात मी एकटी उरते आणि नेमकी तेव्हाच ही येतात.

त्यानं मोबाईल काढून माझ्या नाकाशी धरला. फोटोत एक जुनी डबल गादी होती, निळ्या पट्ट्यांची, आणि तिच्यावर लेव्हल बघायची पट्टी ठेवलेली. गवंडी फरशी बसवताना ठेवतात, तीच.

"बुडबुडा बघा. बरोबर मधे! आता बोला."

"ही कुणाची बाजू?"

"माझी."

"आणि काकूंच्या बाजूचा फोटो?"

"तिच्या बाजूचा कशाला? गादी एकच आहे ना!"

काकू त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती. किडकिडीत, छातीशी पर्स धरलेली, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली आलेला. शाळांचे गणवेश शिवायचं काम करते, हे नंतर कळलं. मशीनवर वाकून वाकून माणसाचा एक खांदा असा होतो. मी तिला विचारलं, "काकू, तुम्हाला कशी झोप लागते?"

"तिला काय धाड भरलीय?" फोरमन म्हणाला. "पडली की झोपली."

काकू हसली. हसली म्हणजे ओठ जरा हलवले. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणत जन्म काढणाऱ्या बायकांचं ते हसणं असतं. मला त्याचा राग येतो. विचारलंय तिला, तोंड आहे तिला, आणि उत्तर द्यायला नवरा. मी मुद्दाम म्हणाले, "काकू, तुम्ही जरा झोपून बघा. या मोठ्या गादीवर."

"नको गं, कळतं हातानं."

"हातानं भाजी कळते. झोपा."

माझ्या आवाजाला ती घाबरली असावी. पायाशी आम्ही प्लॅस्टिक अंथरून ठेवतो, चपलांसाठी, तरी तिनं चपला काढल्या, जोडून ठेवल्या, साडी घोट्यापर्यंत ओढली आणि कडेला टेकून हळूच आडवी झाली. सहा फुटी गादी. तिनं जेमतेम एका फळीएवढी जागा घेतली.

"हं, बघ. काही फरक वाटतोय का?" फोरमननं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळला. "गादीचं असतं कसं, ताई, तिला वापरायचं कसं हे कळलं पाहिजे. लोक नुसते झोपतात. मी रोटेशन करतो."

"काय करता?"

"रोटेशन. टायरचं करतो तसं. दर चार महिन्यांनी गादी फिरवायची. उशाची बाजू पायाशी, पायाची उशाशी. म्हणजे माझी बाजू तिच्याकडे जाते, तिची माझ्याकडे येते. झिजलेला टायर नेहमी हलक्या बाजूला टाकायचा, हा नियमच आहे. आता माझं वजन बघा आणि हिचं बघा. हिच्या अंगाखाली चार महिने ती बाजू आराम करते. फुगून वर येते. मग पुन्हा माझ्याकडे."

तो हे इतक्या अभिमानानं सांगत होता की मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. हा दणकट माणूस चार महिने झोपून खड्डा पाडणार. खड्डा पडला की तो बायकोकडे सरकवणार. आणि तिनं सपाट ठेवलेली बाजू आपण घेणार. हे सारं गादीच्या भल्यासाठी.

"म्हणजे खड्डा कायम काकूंच्या बाजूला," मी म्हणाले.

"खड्डा काय खड्डा? जरासा दबका असतो. ती बारीक आहे. तिला काय होतंय?"

"तिलाच विचारू या."

आम्ही दोघं वळलो. काकू झोपली होती.

डोळे मिटून पडली नव्हती; झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास लांब. एवढ्या प्रशस्त, कुठेही न दबलेल्या गादीच्या अगदी काठाला ती कुशीवर होती, आणि उजव्या हातानं तिनं गादीची कड घट्ट धरून ठेवली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. घरी खड्ड्यात घसरू नये म्हणून ती रात्रभर पलंगाची कड धरत असणार. इथे घसरायला काही नव्हतं, पण हाताला कोण सांगणार?

फोरमननंही ते पाहिलं. काय पाहिलं ते त्याला कळलं की नाही, देव जाणे.

"अगं ए! ऊठ. काय हे, दुकानात—"

"राहू द्या," मी म्हणाले.

"अहो, लोक काय म्हणतील?"

"इथे लोक कुठे आहेत? मी आहे आणि तुम्ही आहात."

तेवढ्यात मालक आतून डोकावला. गिऱ्हाईक झोपलेलं त्याला खपत नाही. त्याच्या मते गादीवर एक मिनिट पडायचं, 'वा' म्हणायचं आणि काउंटरवर जायचं. बाजारात दुकान काढलंय म्हणून बसलाय, नाहीतर हा माणूस गाद्यांना हातही लावू देणार नाही. त्यानं भुवया उडवल्या. मी म्हटलं, "ट्रायल चाललीय. मोठी ऑर्डर आहे." मोठी ऑर्डर ऐकली की तो कुणालाही झोपू देतो. पुन्हा आत गेला.

फोरमनला मी स्टूल दिलं. तो बसला, उठला, पंख्याचा वेग कमी करायला सांगून पुन्हा बसला. तिला वारा लागेल म्हणाला. एवढं तरी सुचलं.

"काल रात्री झोपली नसेल नीट," तो म्हणाला.

"आणि परवा?"

"तसं नाही. ती पहाटे उठतेच. अंधारातच उठून मशीनवर बसते. लग्न झाल्यापासून तसंच आहे. नाही, तेव्हा नव्हती उठत. नंतर नंतर उठायला लागली." मग तो जरा खुलला. "डेपोत सगळ्यांना सांगायचो मी. म्हटलं, आमची घरची बाई बघा. गाडी डेपोतून निघायच्या आत हिचे दोन शर्ट शिवून होतात. अशी कष्टाळू बायको मिळायला नशीब लागतं."

"काका, ती कष्टाळू म्हणून उठत नव्हती."

"मग?"

इतकं सगळं बोलून झाल्यावरही माणसाला कळत नसेल, तर पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतायचं? पण त्याला कळलं. त्याच्या तोंडावरून ते सावकाश खाली उतरताना मला दिसलं. डेपोत सगळ्यांना सांगितलं होतं त्यानं. वर्षानुवर्षं सांगितलं होतं. ज्या बाईचं कौतुक करत हिंडला, ती त्याच्या खड्ड्यातून पळून मशीनवर जाऊन बसत होती.

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. अशा माणसांना कुणी कधी सांगत नाही. बायको सांगत नाही, मुलगी फोनवर सांगते तर ती डॉक्टरकी होते. निदान एकदा तरी त्यांनी स्टुलावर बसून बघावं.

आणि तो बघत होता. गुडघ्यांवर हात ठेवून, बाजूला कुठेही न बघता. एकदा त्यानं हात पुढे केला. मला वाटलं, उठवणार. पण त्यानं तिच्या त्या कड धरलेल्या मुठीजवळ बोट नेलं, आणि तसंच परत घेतलं.

जेवायला गेलेले पोरगे परत आले, खिदळले, माझा चेहरा बघून गप्प झाले. उन्हाचा पट्टा गादीवरून सरकत फरशीवर आला. एक जोडपं येऊन बुक्क्या मारून गेलं. काकूला जाग आली ती आपली आपणच.

आधी तिला कळेना आपण कुठे आहोत. मग एकदम उठून बसली, पदर सारखा केला. "बाई गं! मेलं माझं झोपणं. किती वेळ?"

"झाला थोडा वेळ," फोरमन म्हणाला. स्टुलावरून उठून त्यानं पुन्हा फोरमनचा आवाज काढला. "ताई, द्या हीच. डबल. सगळ्यात चांगली. पैशाकडे बघायचं नाही."

लगेच दानशूर झाला! नाहीतरी चूक पचवायला यांना खरेदीच सुचते. मी माप लिहायला पेन काढलं.

"डबल नको," काकू म्हणाली.

ती चपला घालत होती. मान खालीच होती.

"अगं, हीच घेऊ. झोपलीस ना हिच्यावर छान?"

"सिंगल द्या, ताई. शिलाईच्या खोलीत मावेल अशी. मशीन जरा भिंतीकडे सरकवलं की बसेल."

"शिलाईच्या खोलीत? तिथे कशाला?"

"तिथे झोपीन मी."

दुकान चांगलं मोठं आहे आमचं, पण ते वाक्य सगळीकडे ऐकू गेलं. पोरगे उगाच उशा रचायला लागले.

"आणि मी?" फोरमन म्हणाला.

त्यानं असं विचारायला नको होतं. एवढा मोठा बाप्या आणि विचारतो, आणि मी.

काकूनं वर पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, तोच तर धक्का होता. भात झाकून ठेवलाय, वाढून घ्या, असं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "तुमची चांगली आहे की अजून. आता पुरी तुमच्याकडेच राहील. दोन्ही बाजू."

मी सिंगल गादी काढायला सांगितली. काकूनं ती बघितलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, आजच पोचवाल ना? रात्रीच्या आत? मालकाचा नियम उद्याचा आहे. मी म्हटलं, आत्ताच गाडी निघेल. मोठ्या ऑर्डरच्या नावानं मालक मला नंतर काय बोलायचं ते बोलला, आणि मीही त्याला बोलले.

पोरग्यांनी गादी टेम्पोत चढवली, दोरी बांधली. फोरमन दोरीच्या गाठी तपासत फिरला. एक सोडून त्यानं पुन्हा बांधली. बिनकामाचं होतं, पण हाताला काही तरी हवं होतं त्याच्या. मग स्कूटर काढून त्यानं ती फाटकापाशी आणली, मागच्या सीटवरची धूळ हातानं झटकली आणि चालू करून उभा राहिला.

काकू टेम्पोच्या पुढच्या दाराशी गेली. ड्रायव्हरला काही तरी म्हणाली. त्यानं सीटवरचं फडकं उचललं. पायरी उंच होती; तिनं वरचा दांडा धरला, एकदा पाय घसरला, दुसऱ्यांदा चढली. दार आपलं आपण ओढून घेतलं. लागलं नाही, म्हणून पुन्हा उघडून जोरात ओढलं.

फोरमन माझ्याकडे बघून हसला. "आमचं घर पटकन सापडत नाही कुणाला," तो म्हणाला. "रस्ता दाखवायला बसलीय ती."

पत्ता मीच लिहून घेतला होता. घर मोठ्या रस्त्यावर होतं, पोस्टाच्या अगदी समोर. टेम्पोवाला रोज तिथून जातो.

"हो," मी म्हणाले. "बरं झालं बसल्या ते."

टेम्पो निघाला. त्याच्या धुरातून, मागची सीट रिकामी ठेवून, फोरमन मागोमाग गेला.