सुलाबाई आणि माझी सैल अँटेना

मित्रांनो, माझं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. मी हातात मावणारा, आता जुना झालेला ड्रोन डिटेक्टर आहे. ड्रोन आणि त्याला उडवणारा माणूस यांच्यात रेडिओ लहरींनी जे बोलणं चालतं, ते मी गुपचूप ऐकतो. स्वतः एकही लहर सोडत नाही, कुणाचा ड्रोन पाडत नाही. लांबवर ड्रोन सुरू झाला की थरथरतो आणि माझ्या माणसाला सावध करतो.

जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण माझी माणसं मला परभणीत भेटली. जत्रा-मेळाव्यांची राखण करणाऱ्या एका लहान संस्थेत निकिता सुपरवायझर होती. यंत्र निवडायचं काम तिच्याकडे आलं. तिनं आम्हा तीन यंत्रांना शहराबाहेरच्या रानात नेलं आणि एका फोटोग्राफरला ड्रोन उडवायला सांगितलं. पहिलं यंत्र रस्त्यावरच्या मोबाइललाही ड्रोन समजून ओरडत राहिलं. दुसऱ्याच्या पडद्यावर उन्हात काही दिसेना, आणि ते इतकं जड की हात भरून यावा. मग निकितानं मला सुलाबाईंच्या हातात दिलं. त्या संस्थेतल्या सगळ्यात जुन्या पहारेकरी. ड्रोन अजून झाडांच्या पलीकडेच होता, तोच मी थरथरलो.

"अगं बया! लय तिखट कानाचा हाय ह्यो," सुलाबाई हसल्या. "ह्योच घे, निकिता."

"मग मावशी, तुमीच सांभाळायचा त्याला."

ते दिवस सुखाचे होते. एकदा गोदावरीच्या घाटावर आंघोळीला आलेल्या बायकांचं कुणीतरी वरून चित्रण करत होतं. मी सावध केलं आणि सुलाबाईंनी त्या माणसाला झुडपामागून शोधून पोलिसांच्या हवाली केलं. संध्याकाळी त्यांनी मला पदरानं पुसलं. "शाना हाय माझा," म्हणाल्या.

पुढं कामं वाढली. मी कुणाच्याही हातात जाऊ लागलो. दिवसदिवस जीपच्या काचेखाली तापत पडायचो. एकदा कुणीतरी अँटेनेला धरून उचललं आणि मी निसटून फरशीवर आदळलो. अँटेना सैल झाली. लांबचं ऐकू येईना.

निकितानं ते लगेच ओळखलं. संस्थेचे मालक भगवानराव यांना ती म्हणाली, "साहेब, अँटेना बदलायला पाहिजे. ड्रोन डोक्यावर आल्याशिवाय ह्याला कळंना झालंय."

"दिवा लागायलाय न्हाई का? मग चालू हाय. जत्रा झाल्यावर बघू."

तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

राणीसावरगावच्या जत्रेत कुस्त्या रंगल्या होत्या, आणि त्या दिवशी मी पुन्हा सुलाबाईंच्या हातात होतो. बाहेरून आलेल्या कुणीतरी परवानगी न घेता, पिकांवर फवारणी करायचा भलामोठा ड्रोन फुलं उधळायला उडवला. अँटेना धड असती, तर तो रस्त्यापलीकडे सुरू होताच मला कळलं असतं, त्याला तिथंच थांबवता आलं असतं. मी थरथरलो, तेव्हा तो गर्दीवर आला होता. आणि डगमगत होता.

"सरका! पोरं उचला! सरका!" सुलाबाई ओरडत धावल्या. माणसं पांगली. राजनंदिनी नावाची एक चिमुरडी मात्र फुलं वेचत तिथंच बसली होती. सुलाबाईंनी तिला ढकललं. तिला खरचटलंसुद्धा नाही. ड्रोन सुलाबाईंच्या डोक्यावर कोसळला.

मी त्यांच्या मुठीतच होतो. मूठ हळूहळू सैल झाली, आणि मी मातीत पडलो.

परभणीच्या दवाखान्यात त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. राजनंदिनीची आई बाहेरच्या बाकावर बसून असायची. एका सकाळी निकिता आतून आली आणि तिच्या शेजारी बसली. मग दोघी रडल्या.

त्यानंतर भगवानरावांनी स्वतः जाऊन माझी अँटेना बदलून आणली. काम किती थोडक्यात झालं, मित्रांनो! दुकानदाराचा चहासुद्धा संपला नव्हता. त्यांनी मला निकितासमोर टेबलावर ठेवलं.

"आता नीट चालायलाय न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," निकिता म्हणाली. "आता चालायलाय." आणि ती बाहेर निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत कुणी सांगत असेल की हे सैल झालंय, हे तुटायला आलंय, तर त्याच दिवशी त्याचं ऐका. मला पुन्हा लांबचं ऐकू येतं. पण ज्यांच्यासाठी ते ऐकू यायला हवं होतं, त्या सुलाबाई आता नाहीत.